जाड टायरची सायकल, अठरा हजार रुपये आणि बोरीची वाळू

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं कुठल्या हिशेबानं लिहिलंय ते कळेल. वय ४७, वजन ८६ किलो, मुक्काम अमळनेर. रविवारी, आणि जमलं तर मधल्या एखाद्या दिवशी शाळेच्या आधी, १५-२० किलोमीटर फिरायचं. वाट म्हणजे पाटचारीच्या कडेचा रस्ता, शिवारातली गाडवाट, बोरीच्या पात्रातली वाळू, आणि घरापासून तिथवर डांबर. बजेट १८ हजार. दुकानदारानं दोन फॅट बाइक, म्हणजे चार इंची जाड टायरच्या सायकली, दाखवल्या. एक २१ गियरची, पुढे सस्पेन्शन, घडी होणारी फ्रेम, तारांऐवजी एकसंध ओतीव मॅग चाकं, किंमत १५ हजार. दुसरी बिनागियरची, साध्या चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची), साडेतेरा हजार. आणि तुमची अट एकच: दर महिन्याला मिस्त्रीचं तोंड बघायला लागू नये.

तो मिस्त्री म्हणजे मी. जळगावात २७ वर्षं सायकली खोलतोय आणि जोडतोय. या दोनपैकी एक घ्यायची तर बिनागियरची घ्या. पण दुकानातून निघेल तशी घरी नेऊ नका. उरलेले साडेचार हजार खिशात ठेवा, ते तिच्या चाकांना आणि टायरांना लागणार आहेत. कसे, ते सांगतो.

त्याआधी एक नावडतं बोलून घेतो. तुमच्या २० किलोमीटरात डांबर किती आणि माती-वाळू किती, हे एकदा मोटरसायकलच्या मीटरवर मोजून बघा. १५ डांबर आणि ५ माती असेल तर फॅट बाइक घेऊ नका. सव्वादोन-अडीच इंची टायरची, बिनसस्पेन्शनची साधी सायकल घ्या. तेवढ्याच कष्टात दीडपट लांब जाल आणि तिचे टायर-ट्यूब अमळनेरातच मिळतील. चार इंची टायरची स्वस्त लोखंडी सायकल १८ ते २० किलो भरते. डांबरावर तिचा घरघर आवाज येतो, चढावर ती मागे ओढते आणि वाऱ्याविरुद्ध तर बैल अडल्यासारखी अडते. ही सायकल जन्मलीच मुळी बर्फासाठी आणि वाळूसाठी. अमेरिकेत अलास्काच्या बर्फात आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूत हौशी लोक दोन-दोन रिम जोडून असली चाकं घरी बनवायचे. २००५ मध्ये सर्ली कंपनीनं पग्सली नावाची सायकल ३.७ इंची टायरसह बाजारात आणली, तेव्हा ती दुकानात मिळायला लागली. आपल्याकडे ती आली ती दिसायला दणकट म्हणून. पोरांनी हट्ट केला, बापांनी घेतल्या, आणि निम्म्या आज गच्चीवर पडून आहेत.

निम्मी वाट जरी वाळू-मातीची असेल तरी मात्र घ्याच. पात्रातल्या वाळूवरून चाक न रुतता जाण्यातली मजा दुसऱ्या कुठल्या सायकलीत नाही. मागे एकदा गिरणेच्या पात्रात मी थांबलो होतो, तर म्हशी पाण्यावर घेऊन आलेले एक बाबा सायकलीभोवती पूर्ण फेरी मारून म्हणाले, "हाई सायकल शे का फटफटी?" मी म्हटलं, पेट्रोल माझ्या पायात आहे. त्यांनी अंगठ्यानं टायर दाबून बघितला आणि म्हणाले, "हवा कमी शे." हवा मी मुद्दाम कमी केली होती, पण बाबांचा हात बरोबर जागी गेला. फॅट बाइकमध्ये बघायची पहिली गोष्ट तीच.

गणित सोपं आहे. तुमचे ८६ आणि सायकलीचे २० मिळून १०६ किलो. टायरमध्ये २० पीएसआय (दर चौरस इंचावर २० पौंड दाब) हवा असेल तर दोन्ही टायर मिळून साधारण १२ चौरस इंच जमिनीला टेकतात. हवा ८ वर आणली की तेच क्षेत्र २९ चौरस इंचांच्या आसपास जातं. वजन तेवढंच, पण अडीचपट जागेवर पसरलं, म्हणून वाळू धरून ठेवते. तुमच्या वजनाला डांबरावर १८ ते २०, गाडवाटेवर १२ ते १४ आणि कोरड्या वाळूत ७-८ ठेवा. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा एक-दोन जास्त. डांबरावर ८ ची हवा ठेवून चालवलीत तर हँडल आपोआप एका बाजूला ओढ घेतं आणि वाटतं सायकलच वाकडी आहे. माझ्याकडे "फ्रेम वाकडी आहे" म्हणून आलेल्या फॅट बाइकांपैकी बऱ्याच हवा भरल्यावर सरळ झाल्या. एक मात्र ध्यानात ठेवा. पंक्चरवाल्याकडच्या मोठ्या मीटरवर ८ आणि १२ मधला फरक दिसत नाही, काटा तळाशीच लोळत असतो. ० ते ३० पर्यंतचा छोटा मीटर वेगळा मिळतो, तो घ्या. साडेचार हजारांतला पहिला खर्च हा, आणि सोबत एक हातपंप.

आता चाकं. स्वस्त फॅट बाइकचं नव्व्याण्णव टक्के दुखणं चाकांत असतं आणि दुकानात कोणी चाकाकडे बघत नाही, सगळे रंगाकडे आणि गियरकडे बघतात. दुकानात गेल्यावर सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करा. मागचं चाक फिरवा आणि रिमच्या कडेजवळ पेन्सिल धरा, पेन्सिलचा हात फ्रेमवर टेकवून. रिम एका जागी पेन्सिलला घासते आणि दुसऱ्या जागी लांब जाते तेवढा आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा. एक-दीड मिलिमीटर चालेल, तीन-चार दिसला तर तिथंच काढून मागा. मग तारा दोन-दोन जोडीनं चिमटीत दाबून बघा. नव्या स्वस्त चाकात काही तारा सतारीसारख्या ताठ आणि काही वांग्याच्या देठासारख्या लुळ्या निघतात. असं चाक महिन्याभरात आउट होणारच, आणि तीन-चार महिन्यांत तार तुटायला लागते. तुमच्या वजनाला तर नक्की. नवी सायकल घेतल्याबरोबर दोन्ही चाकांच्या तारा सारख्या ताणून घेणं, हे तुमच्या साडेचार हजारांतलं सगळ्यात शहाणपणाचं काम. एकदा नीट झालं की वर्ष-दोन वर्षं हात लावावा लागत नाही.

तारांच्या कटकटीपेक्षा मॅग चाकं बरी, असं तुम्हाला दुकानदारानं सांगितलं असेल. अर्धं खरं आहे. तार तुटत नाही कारण तारच नाही. पण एखाद्या दगडावर कड वाकली किंवा चिरली तर ते चाक भंगारात. तारांचं चाक कुठल्याही गावचा जुना मिस्त्री सरळ करून देईल. शिवाय मॅगचं वजन जास्त, आणि फिरणाऱ्या भागाचं वजन वेग घेताना पायाला जास्त जाणवतं.

चाकातच हब, म्हणजे एक्सलभोवती फिरणारा मधला भाग, येतो. त्यासाठी चाक हातात उचलून, एक्सलची दोन टोकं बोटांत धरून फिरवा. खरखर लागली तर आतल्या छर्ऱ्यांना ग्रीस नाही किंवा कोन (छर्रे जागेवर धरणारे नट) आवळून बसलेत. नव्या स्वस्त सायकलीत ग्रीस नावालाच असतं, टाचणीच्या टोकानं लावल्यासारखं. मी सांगतो ते करा: सायकल घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन्ही हब खोलून, चांगलं ग्रीस भरून, कोन सैल-घट्ट बघून बंद करून घ्या. सीलबंद बेअरिंगचा हब असेल तर हा खर्च वाचतो, पण या किमतीत तो क्वचितच मिळतो. मिळाला तर रंग कसाही असो, तीच घ्या.

गियरची का नको, तेही हबमध्येच दडलंय. स्वस्त २१ गियरमध्ये मागे सात दातेरी चकत्यांचं, हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्या सात चकत्यांना जागा द्यायला उजवीकडचं बेअरिंग आत सरकवावं लागतं, आणि बेअरिंगच्या बाहेरचा एक्सलचा लांब तुकडा बिनआधाराचा राहतो. त्यावर ८६ किलोचा माणूस आणि खाली गाडवाटेचे हादरे. मग एक्सल वाकतो, कधी मोडतोही. मोडलेला एक्सल काढताना गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, मी तर हळूच चालवत होतो." खरंच हळू चालवत असतो बिचारा. एकाच चकतीच्या फ्रीव्हीलला जागा कमी लागते, म्हणून तो तुकडा आखूड आणि एक्सल टिकतो.

दुसरं, फॅट बाइकमध्ये टायर इतका रुंद की सगळ्यात हलक्या गियरमध्ये चैन टायरला घासते. दुकानात पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती लावायला सांगा आणि मागून बघा. चैन आणि टायर यांच्यात करंगळी जात नसेल तर तो गियर शोभेचा, आणि चढावर नेमका तोच लागतो. आपल्याकडे चढ तरी कुठं आहेत? अमळनेर ते तापीकाठ सपाटच. कपिलेश्वरला तापी-पांझरेच्या संगमावर जायचं म्हणालात तरी गियरवाचून अडणार नाही. तोरणमाळचा घाट चढायचा असता तर वेगळं बोललो असतो.

बिनागियरच्या सायकलीत मात्र पुढच्या-मागच्या दातांचं गणित बघावंच लागतं. हे दुकानदार सांगत नाही, कारण त्यानं मोजलेलं नसतं. २६ बाय ४ चा टायर एका फेऱ्यात सुमारे २.३ मीटर जातो. पुढे ४४ दात आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात तुम्ही साडेपाच मीटरांच्या वर सरकता. रस्त्याच्या सायकलीला ठीक, पण वाळूत गुडघे बोलायला लागतील. पुढे ३२, मागे १८ असेल तर एका फेऱ्यात चार मीटरांच्या थोडं वर. मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी १४-१५ चा वेग येतो, आणि फिरायला जाणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त हवाय कशाला? तिथंच दात मोजा. ४४-१८ निघाले तर मागे २२ दातांचं फ्रीव्हील बसवून मागा. फरक काही शेकड्यांचा आहे आणि गुडघ्याचा डॉक्टर त्यापेक्षा महाग पडतो. तसं करताना चैन थोडी लांब लागेल, तीही त्याच बिलात धरायला लावा.

गुडघ्यावरून आठवलं. फॅट बाइकची बीबी, म्हणजे पायडलचा एक्सल जिच्यात फिरतो ती फ्रेमच्या तळाची नळी आणि तिची बेअरिंगं, साध्या सायकलीपेक्षा रुंद असते. साध्या सायकलीत ती नळी ६८ ते ७३ मिलिमीटरची, इथं १०० ची. म्हणून दोन पायडलांतलं अंतर वाढतं आणि पाय फाकून चालवल्यासारखं वाटतं. कुणाला जाणवत नाही, कुणाला दुसऱ्या दिवशी कंबर-गुडघ्यात कळ येते. दुकानासमोर दोन मिनिटं फिरवून हे कळत नाही. ओळखीच्या कुणाच्या गच्चीवर एखादी पडली असेलच, ती एका रविवारी मागून घ्या आणि अर्धा तास चालवा. सीट एवढी वर घ्या की टाच पायडलवर ठेवली तर खालच्या टोकाला पाय सरळ होईल. मग पंजानं मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो.

बीबीबद्दल आणखी एक. क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, चौकोनी एक्सलवर बसवलेला असतो आणि त्याचा बोल्ट कारखान्यातून कधीच पुरेसा आवळलेला येत नाही. पहिल्या ५० किलोमीटरनंतर तो पुन्हा आवळायचा. नाही आवळला तर "कट्-कट्" आवाज सुरू होतो. लोक तो आवाज ऐकत महिनाभर फिरतात. तोवर अॅल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक गोल होऊन जातं आणि नवा क्रँक घ्यावा लागतो. या एका बोल्टपायी माझ्याकडून जेवढ्या लोकांनी क्रँक नेलेत, तेवढे दुसऱ्या कशापायी नाहीत. आवाज आला की त्याच दिवशी थांबा. आणि बीबी छर्ऱ्यांची आहे की सीलबंद, हे विचारा. १०० मिलिमीटरची सीलबंद बीबी अमळनेरातच काय, जळगावातही हाताशी नसते, मागवावी लागते. पण एकदा बसवली की तीन-चार वर्षं विसरा.

सस्पेन्शनवर मी जास्त शब्द घालवत नाही. त्या किमतीचं सस्पेन्शन म्हणजे दोन स्प्रिंगा आणि प्लास्टिकची बुशं. एका पावसाळ्यानंतर ते गंजून एका जागी बसतं आणि किलोभर वजन तेवढं उरतं. चार इंची टायरच खरं सस्पेन्शन. घडीची फ्रेम? तुम्हाला ती सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये चढवायची आहे का? नसेल तर बिजागरी नको. ती ढिली झाली की पूर्ण सायकल चुरचुरते. महागड्या मोटारींच्या नावांचे स्टिकर लावलेल्या सायकलींविषयी विचारलंत, त्यावर एवढंच की स्टिकर ओल्या फडक्यानं निघतो का बघा.

ब्रेक. इतक्या रुंद टायरला साधा रबरी ब्रेक बसत नाही म्हणून डिस्कच येतो. या बजेटमध्ये वायरवर चालणारा घ्या. ऑइलचा ब्रेक हाताला हलका, पण त्यात हवा शिरली तर अमळनेरात कोण काढणार? वायरच्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा बाहेरचा एकच पॅड हलतो, आतला जागेवर असतो. पॅड झिजला की लिव्हर हँडलला टेकायला लागतो आणि लोक वायर ताणत बसतात. वायर ताणायची नसते. आतल्या बाजूला एक गोल खटका किंवा अॅलन पान्याचा स्क्रू असतो, तो दोन टिचक्या फिरवून आतला पॅड डिस्कच्या जवळ आणायचा. चकती त्याला किंचितही न घासता फिरली पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे, घेतानाच दुकानदाराकडून हातानं करून दाखवून घ्या. आणि डिस्कवर कधी तेल उडू देऊ नका. चैनीला स्प्रे मारताना एक थेंब चकतीवर गेला की पॅड तेल पितो, आणि मग ब्रेक नुसता ओरडतो, धरत नाही.

आता काटे. खान्देशात सायकल चालवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण फॅट बाइकवाल्याला आहे, कारण त्याचा टायर तिप्पट जागा झाडत जातो. बाभळीचा काटा, पाटचारीच्या कडेची वेडी बाभूळ, आणि दिवाळीनंतर वाळून पसरलेले सराटे. टायर जाड दिसतो पण स्वस्त टायरचं रबर मधोमध पातळच असतं. साध्या ट्यूबवर तुम्ही महिन्यातून दोनदा पंक्चर काढाल आणि कमी देखभालीची सगळी हौस तिथंच जिरेल. उपाय सीलंट, म्हणजे ट्यूबमधलं भोक आतून बुजवणारा द्रव. फॅट बाइकच्या ट्यूबला बहुधा मोटरसायकलसारखा वॉल (हवा भरायचं तोंड) असतो. वॉलची पिन काढायची, प्रत्येक ट्यूबमध्ये दीडशे-दोनशे मिली सीलंट भरायचं, पिन लावायची, हवा भरायची आणि चाक दोन-चार मिनिटं फिरवायचं. नंतर काटा दिसला तर उपटायचा आणि भोक खाली येईल असं चाक ठेवायचं. फुस्स होऊन बंद होतं. खिळ्याच्या मोठ्या भोकाला हे पुरत नाही, पण आपले काटे ऐंशी टक्के यात निभावतात. दुधासारखं पांढरं सीलंट आपल्या उन्हात लवकर वाळून आत रबराचा गोळा होतं. मोटरसायकलच्या ट्यूबसाठी मिळणारं घट्ट, जेलीसारखं असतं, ते जास्त टिकतं. मी तेच वापरतो. मे महिन्यानंतर एकदा थोडं वरून भरतो.

सीलंटनं न सुटणारं एक दुखणं आहे, ते मी स्वतः भोगलंय. गिरणेच्या वाळूत हवा ६ वर आणून मजेत चाललो होतो. हवा इतकी कमी झाली की ब्रेक लावताना, पायडलवर जोर देताना टायर रिमवर इंच-इंच सरकतो आणि आतली ट्यूब सोबत ओढतो. वॉल मात्र रिमच्या भोकात अडकलेला. शेवटी वॉल बुडाशी फाटला. त्या जागी ना पॅच बसतो ना सीलंट चालतं. रस्ता लांब, ऊन डोक्यावर, आणि २० किलोची सायकल वाळूत ढकलायची. तेव्हापासून ट्यूब बसवताना टायरच्या आतून टाल्कम पावडर फिरवतो, वॉलचा नट कधीच घट्ट आवळत नाही, आणि अधूनमधून बघतो की वॉल रिमला काटकोनात उभा आहे की तिरका. तिरका दिसला की हवा पूर्ण सोडायची, टायर हातानं मागे सरकवायचा, पुन्हा भरायची. आणि हवा ६ पर्यंत उतरवायची नाही, ७-८ ला थांबायचं.

रिमकडे बघताना आणखी एक. वजन कमी करायला रिमला मोठी भोकं पाडलेली असतात आणि त्यातून रंगीत पट्टी दिसते. ती पट्टी कापडाची किंवा पातळ प्लास्टिकची असते. तुरीच्या खुंटानं, पऱ्हाटीच्या बुंध्यानं ती फाटते आणि काटा टायर सोडून मागच्या दारानं ट्यूबमध्ये शिरतो. जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापून पट्टीखाली टाकून घ्या. फुकटचं काम आहे.

पऱ्हाटीवरून काळ्या मातीकडे येतो. वाळूत चालते म्हणजे चिखलात चालेल असं समजू नका. आपली काळी माती ओली झाली की रुंद टायरला पोळीसारखी चिकटते, दोन फेऱ्यांत चिमट्यात कोंबली जाते आणि चाक फिरायचं थांबतं. साध्या सायकलीतून निदान बोटानं काढता येते, इथं किलोनं असते. जुलै-ऑगस्टमध्ये गाडवाट सोडा. मुरमाचा रस्ता धरा, नाहीतर सुट्टी द्या. घेताना टायर आणि चिमट्यात, तसंच मागच्या फ्रेममध्ये दोन बोटं जातात का बघा.

आणि धुणं. माझ्या भाच्यानं फॅट बाइक हौसेनं मोटरसायकल वॉशिंगवर नेली आणि प्रेशरच्या पाण्यानं चकाचक करून आणली. महिन्याभरात दोन्ही हब आणि बीबी घरघरायला लागले. ते पाणी सील ओलांडून आत जातं, ग्रीस बाहेर आणि गंज आत. बादली, फडकं, जुना ब्रश, एवढंच. धूळ असेल तर नुसती झटका. चैनीला जळालेलं इंजिन ऑइल लावू नका, आपल्या धुळीत त्याची खळ होते. शिलाई मशीनचं तेल कडी-कडीवर एक थेंब, पाच मिनिटं थांबून कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. महिन्यातून एकदा बास. हब-बीबी उघडून ग्रीस वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी. पावसाळा संपत आलेला असतो आणि दसऱ्याला तुम्ही सायकलीला हार घालणारच, तर हार घालायच्या आधी आतूनही स्वच्छ असू द्या.

आता एक गोष्ट, जी मी पहिल्यांदा सांगायला हवी होती. दुकानदाराला विचारा: हाच टायर वर्षानं परत मिळेल का, आणि ट्यूब? नावासकट, मापासकट, बिलावर लिहून. २६ बाय ४ हे माप सगळ्यात जास्त मिळतं, म्हणून तेच घ्या. २४ इंची किंवा २० इंची फॅट टायर शोधायला माणसं दारोदार फिरतात. पट्टा उसवलेल्या एका टायरपायी सायकल भंगारात दिलेली मी बघितली आहे, बाकी सायकल धडधाकट होती. एक जास्तीची ट्यूब सायकलीबरोबरच विकत घ्या आणि घरात गार जागी ठेवा. बिलाची आणखी एक गंमत: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. जुन्या स्टॉकवर जुना भाव लावला जातोय का, ते बिलात बघा.

जुनी घेण्याचा मार्गही आहे. गच्चीवरच्या त्या निम्म्या सायकलींपैकी एखादी निम्म्या-तिहाई किमतीत मिळते, आणि उरलेल्या पैशात चाकं, बीबी, टायर सगळं नवं होतं. बघायचं फक्त टायरची कड आणि फ्रेमचे जोड. पत्र्याखाली, हवा नसलेल्या टायरवर दोन उन्हाळे उभ्या राहिलेल्या सायकलीचा टायर आपल्या ४५ डिग्रीत कडेनं तडकतो. टायर दुमडून बघा, बारीक चिरा दिसल्या तर टायरची किंमत शून्य धरा. फ्रेम-हँडलच्या जोडाजवळ रंगाला रेघ पडली असेल तर नखानं खरवडून बघा. खाली गंजाची रेघ असेल तर ती सायकल तिथंच ठेवा. खरं सांगू? मी तुमच्या जागी असतो तर हाच मार्ग धरला असता. पण नवीनचा आनंद वेगळा असतो, त्याला मी कोण नाही म्हणणारा.

मडगार्डचं शेवटी विचारलंत. पुढे-मागे चार इंच झाकणारं प्लास्टिकचं मिळतं, पण ते गाडवाटेवर खडखडतं. मागचं सीटच्या नळीला लावायचं आखूड तेवढं घ्या, पाठीवर चिखलाची रेघ येत नाही. आणि चाकांचे नट १५ नंबरचे आहेत का ते बघून त्या मापाचा एक पाना सीटखालच्या पिशवीत टाका. बोरीच्या पात्रात मागचं चाक काढायची वेळ आली तर मोटरसायकलवाल्याकडे तो पाना नसतो.